मशीनच्या तोंडी नैवेद्य

सांगून ठेवतो, अख्ख्या रिसोडात मशीनच्या बाबतीत माझा हात कोणी धरू शकत नव्हतं. एकोणऐंशी साली मी सुपरवायझर होतो त्या दालमिलमध्ये लाल आकडे दाखवणारं ओलावा-मीटर आलं, ते मीच मालक नानाजींच्या मागं लागून आणलं. मूठभर तूर त्याच्या तोंडात टाकायची. दहाच्या खाली आकडा आला की तूर वाळली, भरडायले मोकळी. संपलं!

तोवर हे काम गोमतीबाईच्या दाढेकडं होतं. तेल-पाणी लावलेली तूर गच्चीवर वाळत घालायची अन् गोमतीबाई दाणा चावून सांगायची, "आजून एक ऊन लागते." वीस वर्षं हेच.

नानाजी मले म्हणाले, "मारोतराव, शुक्करवारी ट्रक नागपूरले जाते. माल वापस आला त मशीनसंगं तू बी घरी जाजो."

सोमवारी मशीनची पूजा झाली. नारळ मीच फोडला. मंगळवारी तूर टाकली. बावीस!

गोमतीबाईनं दाणा चावला. "वाळली हाय जी."

"बाई, तुमच्या दाढेचं आता वय झालं. आकडा खोटं बोलत नाही."

बुधवारी दिवसभर ऊन दिलं. तेवीस! मी हमालायले दर तासाले तूर उलटी करायले लावली. त्यायच्या तळपायाले चटके बसले अन् मले शिव्या.

गुरुवारी सकाळी गोमतीबाई दाणा चावून गाल धरून खालीच बसली. "हे तूर नाही राह्यली, छर्रे झाले. भरडली त पीठ होईन."

मी मशीनचीच परीक्षा घ्यायचं ठरवलं. नानाजींच्या डब्यातले फुटाणे उचलून मशीनमध्ये टाकले. भट्टीत भाजलेले फुटाणे. चोवीस!

"मले एक सांगा," गोमतीबाई म्हणाली, "पूजेच्या दिशी नारळाचं पानी कुठं टाकलं?"

आता खोटं काय सांगू? आमच्याकडं नव्या यंत्राले नैवेद्य दाखवतातच. चक्कीले, मोटारीले, सगळ्यायले. पण त्यायले तोंड नसते, ह्याले होतं. मी श्रद्धेनं पाणी अन् खोबऱ्याचा तुकडा थेट आत सोडला होता.

मशीन उलटं केलं. आंबलेला तुकडा टपकन पडला.

"नानाजीले सांगू नका," मी हात जोडले.

"मी कायले सांगू? तुमची लेकरं काय मी पोसू?"

तिनं तुरीवर पाण्याचा हात फिरवला, ओलं बारदान झाकलं अन् दुपारपर्यंत मुरू दिलं. मग परत थोडं ऊन. चार वाजता तिच्या दाढेखाली दाणा कट्ट वाजला. "लावा मिल."

ट्रक गेला, माल वापस आला नाही. नानाजींनी मशीनले हार घातला! गोमतीबाई पदराआड हसून राह्यली होती. मी मशीनलेच गच्चीवर दोन ऊन दिले, तवा कुठं ते शहाण्यासारखं बोलायले लागलं. तरी तिच्या दाढेले विचारल्याशिवाय आकडा वहीत लिहायची हिंमत मले झाली नाही.

महिनाभरानं तिचा गाल सुजला. मी तिले एसटीत बसवून वाशीमले दातांच्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं पकड उचलताच मी त्याचा हात धरला. "साहेब, कोणतीबी काढा, पण ते डावी दाढ सोडा. तिच्यावर आमची मिल चालते."

डॉक्टरनं चष्म्यावरून पाहिलं. "आपण यांचे कोण?"

सुपरवायझर म्हणणार होतो. पण आ वासलेल्या गोमतीबाईनं माझ्याकडं असं पाहिलं, की बस.

"यायच्या हाताखाली काम करतो," मी म्हणालो.