धोंडाबाईच्या पंपाचं झाकण

"नऊ इंच म्हंजे नऊ इंच! केसाचा फरक निघाला तर मिशी उतरवीन!" हिंदुराव मिस्त्री गरजला. लोखंड गोल कापायचं मशीन अख्ख्या इंदापुरात त्याच्या एकट्याकडं. मिशीला तसा धोका नव्हता.

सन चोपन्नचा वैशाख. वरकुट्याच्या धोंडाबाईच्या पंपाचं झाकण तडकलं होतं. नवऱ्यामागं एकटीनं वाढवलेली साठ मोसंबीची झाडं पाण्यावाचून माना टाकत होती.

मशिनीत मधे खुंटा, त्याभोवती फिरणारा दांडा आणि दांड्याला अर्धा इंच रुंद पातं. हिंदुरावानं खुंट्यापासून पात्याच्या मध्यापर्यंत साडेचार इंच मोजलं आणि जाड पत्रा कापला. झाकण पंपाच्या तोंडावर ठेवलं, ते खळकन आत पडलं!

"मिस्त्री, पंपानं गिळलं की वो!" धोंडाबाई ओरडली.

हिंदुरावाला उस्ताद आठवले. एकदा पत्र्याला पाडलेलं भोक मोठं झालं, तेव्हा त्यांनी कानाखाली वाजवून शिकवलं होतं, "पात्याची रुंदी धर, गाढवा! पातं पाव इंच आत घे!"

"चूक घावली!" हिंदुराव आनंदानं म्हणाला. पण पुण्याहून एसटीनं दुसरा पत्रा यायला आठ दिवस गेले. तोवर धोंडाबाई विहिरीतनं घागरी शेंदत होती. साठ झाडांना एक बाई! तळहाताची सालं निघाली.

पातं पाव इंच आत घेतलं. झाकण आणखी लहान झालं!

"आता लोटकं झाकायला न्हेऊ का ह्ये?" धोंडाबाईनं वाकून मशिनीखालचा मूठभर चुरा उचलला. "मिस्त्री, ह्यो चुरा कुठला? झाकनाचाच न्हवं?"

हिंदुरावाच्या डोक्यात उजेड पडला: पात्याची अर्धी रुंदी झाकणालाच खात होती. भोक पाडताना पातं आत, चकती काढताना बाहेर! उस्तादांनी अर्धंच शिकवलं होतं, की यानंच अर्धं ऐकलं होतं, देव जाणे!

तिसरा पत्रा यायला आणखी आठ दिवस. या खेपेला झाकण चपखल बसलं. पंप धडधडला, पाटाला पाणी आलं. पण बागेत हिरवी उरली होती अकरा झाडं. बाकीच्यांच्या काटक्या झाल्या होत्या. पाटाचं पाणी त्यांच्याही बुडाशी जाऊन उभं राहिलं.

एका फांदीवरची सुकलेली मोसंबी तोडून धोंडाबाईनं हिंदुरावाच्या हातावर ठेवली. "खावा. दमलासा."

त्यानं सोलली, फोड तोंडात टाकली. नुसता चोथा!

"गोड हाय न्हवं?"

"लई गोड हाय, बाई," हिंदुराव म्हणाला, आणि बियांसकट सगळी खाल्ली.