बापूकाकांचे पंधरा किलोमीटर

आमच्या वडीगोद्रीचे बापूकाका मयतीला गेले तरी आधी बाहेर लावलेल्या मोटारसायकलींकडे वळायचे आणि एखाद्याला बाजूला घेऊन हळूच विचारायचे, "ॲव्हरेज काय देती?" त्याचा सासरा गेलेला असायचा. तोही डोळे पुसत सांगायचा, "साठ."

शंभर सीसीच्या गाड्या नवीन आल्या तेव्हा काकांनी एक घेतली. कंपनीनं कागदावर छापलं होतं, लिटरला ऐंशी. काकांची हायवेलासुद्धा पासष्टच्या वर जाईना. "कंपनी ऐंशी म्हणून राह्यली. मंग माझे पंधरा किलोमीटर गेले कुठं?" हे ते शोरूमवाल्यालाही विचारून आले. तो हसला, म्हणून काका जास्तच पेटले.

टाकी कोरडी करून एक लिटर ओतायचं आणि गाडी बंद पडेपर्यंत हायवेनं जायचं, ही त्यांची पद्धत. मागं काकू एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पेट्रोलची दुसरी बाटली, तोंड अखंड चालू. काकूंच्या लुगड्यांना कायम पेट्रोलचा वास यायचा.

शेवटी मेकॅनिक सलीमभाईनं सांगितलं, "काका, कंपनीवाले यकटा मानूस बसवून मोजतेत. काकूला यक दिवस उतरवा, बराबर भरंल."

काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. काकूंनी मात्र मनावर घेतलं. "मी यष्टीनं जाते जालन्याला, भावाकडं. तुमी मोजा यकदाचं."

काका एकटे निघाले. काकू स्टँडवर बसल्या. मी समोरच्या हॉटेलात चहा घेत होतो. आकडा काय निघतो याची मलाही फार उत्सुकता होती. पण यष्टी यायच्या आधीच काका परत आले.

"संपलं पेट्रोल?" मी विचारलं.

"न्हाई, लई हाय."

"मग?"

"मी बोलून राह्यलो, अन् मागून हूं न्हाई की चूं न्हाई. पडली का काय म्हणून मागं पाह्यलं, तर ट्रकखालीच चालल्तो."

काकूंनी पदर खोचला आणि त्या मागं बसल्या.

काकांनी किक मारली आणि मला म्हणाले, "कंपनीचं खरंच आसंल रे. यकटीच फिरत आसतील तिथली मानसं, बिचारी."