दौलू मिस्त्रीची काच

आमच्या घराच्या मागच्या भिंतीला एक चीर होती. वडिलांच्या वेळेपासून होती, आणि तिच्याशी आमचं काही भांडण नव्हतं. एका सकाळी पाहतो तर शेजारचा दौलू मिस्त्री त्या चिरेवर काचेची पट्टी चिकटवतोय. फुटक्या तावदानाचा बोटभर तुकडा, दोन्ही टोकांना चुना. हा काय प्रकार, असं विचारलं तर म्हणाला, "भित खोटं बोलती मास्तर, काच बोलत न्हाई. भित हलली की ही तडकणार. रोज बघत जावा."

झालं! ज्या भिंतीला टेकून मी इतकी वर्षं जेवलो, तिच्याकडे पाठ करायची मला भीती वाटायला लागली. रात्री कुठं खुट्ट झालं की मी उठून बसायचो. बायको म्हणाली, आधी त्या माणसाच्या डोक्याला पट्टी लावा.

पण एकट्या आमच्याच घरावर त्याची कृपा नव्हती. मारुतीच्या देवळाला दोन पट्ट्या, हौदाला तीन, वाण्याच्या ओट्याला एक. रोज सकाळी हा सगळीकडे फेरी मारायचा आणि प्रत्येक काचेवरून अंगठा फिरवायचा. काच शाबूत असली तरी त्याचा चेहरा काही खुलत नसे. आज शाबूत आहे म्हणजे उद्या असेलच असं नाही, हे त्याचं तत्त्वज्ञान.

घराणं गवंड्यांचं, पण दौलू स्वतः सांगलीकडच्या एका नांगराच्या कारखान्यात लोखंड ओतायचं काम करायचा. जर्मनीशी दुसरी लढाई लागल्यावर सरकारनं काही कारागीर शिकायला विलायतेला धाडले, त्यांत हाही गेला. गिरण्यांच्या एका गावात वर्षभर राहून परत आला आणि साताऱ्यात वर्कशॉपात लागला. बायको फार पूर्वीच वारलेली, मूलबाळ नाही. आमच्या शेजारी एक खोली घेऊन राहायचा.

आला त्या दिवशी सगळी पेठ विलायत ऐकायला जमली. लोकांना राजाचा वाडा ऐकायचा होता. हा सांगत बसला की टौनहालच्या पन्हळी तुंबल्यात आणि घुमटानं वल धरलीया. चर्च दोनशे वर्सांचं हाय, पर पाया एका अंगाला खचलाय. गिरणीच्या धुराड्याला लोखंडी कडी मारल्यात, पर लय उशिरा मारल्यात. चौकात गिरणीमालकाचा मोठा ओतीव पुतळा होता, त्याच्या डाव्या घोट्यात ओतताना हवा राहून गेली होती, हे तर त्यानं आम्हाला चारदा सांगितलं. दौलू त्या पुतळ्याला येता-जाता हात जोडायचा. ज्या म्हातारीकडे तो राहायचा, तिला तो ‘मडम’ म्हणायचा. ह्या गिरणीमालकानं मजुरांचे पगार कापले होते, असं मडमेनं त्याला एकदा सांगितलं.

"मग हात जोडायचं सोडलंस का?" मी विचारलं.

"न्हाई. पर त्या दिसापास्नं तोंडाकडं न्हाई, घोट्याकडं बघून जोडायचो."

ह्या सगळ्यात त्याचा जीव अडकला होता तो घड्याळाच्या मनोऱ्यात. जुना विटांचा मनोरा, आणि त्याच्या बरोबर खाली मडमेचं घर. दोन गल्ल्यांपलीकडे बाँब पडला आणि मनोऱ्याला चीर गेली. दौलूनं आपल्या हातानं तिच्यावर काच लावली. नगरपालिकेचे लोक हसले. बहिणीकडे राहायला जा, असं दौलूनं मडमेला परोपरीनं सांगितलं, पण ती हलेना. शेवटी तिनं एवढंच कबूल केलं की पाव आणायला जाताना रोज काच बघीन आणि तुला कळवीन.

दौलूला इंग्रजी लिहिता येत नसे, तेव्हा हे लिखाण माझ्या गळ्यात पडलं. दर महिन्याला एकच प्रश्न, काच शाबूत आहे का? महिना-दोन महिन्यांनी तिकडून एकाच ओळीचं उत्तर यायचं, काच शाबूत आहे. एकदा पत्रं तपासणाऱ्या सेन्सॉरवाल्याला त्या ओळीत काय दिसलं देव जाणे. त्यानं नेमक्या ‘शाबूत’ ह्या शब्दावर काळं फासलं. ‘काच’ राहिली, ‘आहे’ राहिलं, कशी आहे ते गेलं. पुढचं पत्र येईपर्यंत दौलूला अन्न गोड लागलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. त्या मनोऱ्याची काळजी मला कधी चिकटली ते कळलंच नाही.

मग एका पावसाळ्यात तीन महिने पत्रच आलं नाही. दौलू रोज पोस्टात जायचा. देवळाच्या पट्ट्या बघायचा राहिला. आमच्या भिंतीची काच बघायलाही तो येईना, तेव्हा मात्र मी घाबरलो. तो नुसता आमच्या ओट्यावर येऊन बसायचा. बायको न विचारता त्याच्यापुढे चहा ठेवायची, तो तसाच निवायचा.

चौथ्या महिन्यात पत्र आलं. चांगली चार पानं. मी भराभर वाचायला लागलो. एका सकाळी मडमेला काच तडकलेली दिसली होती. तिनं पोलिसाला सांगितलं, तो हसला. मग ह्या सत्तरीच्या बाईनं चौकात खुर्ची टाकली आणि मनोऱ्याखालून कोणाला जाऊच देईना. शेवटी इंजिनियर आला, त्याच्या तोंडचं पाणी पळालं. गल्ली रिकामी केली आणि मनोरा वरून एकेक वीट काढून उतरवला. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. चाळीस घरं तुझं नाव घेतात, असं तिनं लिहिलं होतं.

"अरे गड्या, जिंकलास की!" असं म्हणून मी कंदी पेढे आणायला टोपी घातली. बघतो तर दौलू रडतोय.

"मनोराच ऱ्हायला न्हाई," तो म्हणाला, "आता तिला काय इचारू, मास्तर?"

मी टोपी काढली आणि त्याच्याजवळ बसलो. तब्येत विचार म्हटलं, तर मान हलवायला लागला. तब्येत इचारली की माणूस बरी हाय म्हणतंय, त्यात काय खरं नसतंय, म्हणाला. शेवटी म्हणाला, "लिवा. जिना चढताना कितव्या पायरीवर थांबावं लागतं?"

परक्या बाईला हे असलं विचारायचं? पण लिहिलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं, नवव्या. आणि खाली तिनं विचारलं होतं, तू कितव्या पायरीवर थांबतोस?

ती ओळ दौलूनं मला तीनदा वाचायला लावली. तो आला तेव्हा आम्ही त्याला विलायतेबद्दल काय काय विचारलं होतं, पण त्याचं स्वतःचं असं कोणी काही विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच्या खोलीला जिना नव्हता. म्हणून रविवारी सकाळी मला घेऊन तो टेकडीवरच्या देवळाच्या पायऱ्या चढायला लागला, मोठ्यानं मोजत. अठ्ठावीस म्हणाला आणि छातीवर हात ठेवून खाली बसला. मी घाबरून म्हटलं, दौलू, एवढं खरं लिहायला नको, चांगलं पन्नास लिहू. ती बिचारी तिकडे घोर लावून घेईल.

"अठ्ठावीसच लिवा," तो धापा टाकत म्हणाला. "करू द्या की तिला बी जरा काळजी."