होड्यांच्या मागचं बिरडं

कलेला नजर लागते, आणि ती मला आहे! असं सोसायटीच्या ग्रुपवर ठोकून मी गणपतीतल्या कोलाज-स्पर्धेत नाव दिलं. अट एकच, कागद टाकाऊ आणि छापील हवेत.

मी उत्तनच्या किनाऱ्यावरच्या होड्या करायला घेतल्या. लग्नपत्रिकांच्या होड्या झाल्या, औषधांच्या खोक्यांची शिडं झाली. समुद्राला निळा कागद मात्र मिळेना. शेवटी माळ्यावर जुन्या कॅलेंडरांचा गठ्ठा सापडला. पानापानावर निळंशार आकाश! पानांमागे पेनाने काहीतरी खरडलं होतं. दुधाचे खाडे असतील, म्हणून वाचलंही नाही. खिडकीची एक जुनी काच पडून होती, तिच्यावर गोंद फासून लाटा चिकटवल्या, लाटांवर होड्या. उरलेले कपटे लगेच कचऱ्याच्या गाडीत टाकले. असा टापटीप कलाकार अख्ख्या भाईंदरमध्ये नसेल!

संध्याकाळी बायको ऑफिसातून आली.

"मंजुळा, समुद्र बघ!"

"छान झालाय. निळा कागद कुठला रे?"

"माळ्यावरची कॅलेंडरं!"

तिने खांद्यावरची पर्स खाली ठेवली. "त्यांच्यामागे आईने रेसिपी लिहिल्या होत्या."

सासूबाई काशीगावच्या, चौथी शिकलेल्या. मंजुळाचं लग्न ठरल्यावर एकेक पदार्थ आठवून त्यांनी तो गठ्ठा लिहिला होता. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचं अक्षर घरात तेवढंच होतं.

मंजुळा ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मी ओल्या फडक्याने एक लाट सोडवायला गेलो, तर शाईच पसरली!

"हात लावू नकोस त्याला!"

एवढ्यात शेजारच्या हंसाबेन कोलाज बघायला आल्या आणि चुकून उभ्या काचेच्या मागच्या बाजूला गेल्या.

"अरे मंजुळाबेन, इधर से तो सब पढने में आता है!"

गोंद वाळून पारदर्शक झाला होता. मंजुळा काचेमागे जाऊन वाचू लागली, "वाल सोलताना घाई न्हाय करायची..." मग हसली, मग डोळे पुसले. मला स्वतःची फार लाज वाटली.

काच स्पर्धेला गेलीच नाही. ती स्वयंपाकघराच्या खिडकीत बसवली, अक्षर आत आणि होड्या बाहेर. माझी कला आता कबुतरं बघतात.

रविवारी मंजुळाने त्या काचेवरून वाचून वालाचं बिरडं केलं. "आईने लिहिलंय तेवढंच घालणार," म्हणाली. मी पहिला घास घेतला. ठार अळणी! मिठाची ओळ कपट्यांबरोबर कचऱ्याच्या गाडीत गेली होती.

"कसं झालंय?"

"अगदी आईंच्या हातचं!"

"आई मीठ घालायची," ती म्हणाली.

मी मुकाट्याने आणखी वाढून घेतलं.