‘हंड्याचं मौन’ आणि सांस्कृतिक देवाणघेवाण

दोन देशांची मनं जुळायची असतील तर त्यांनी एकमेकांशी बोलू नये, एकमेकांचे लघुपट पाहावेत. बोलण्यात गैरसमज होतात. लघुपटात ते होत नाहीत, कारण तिथे समजण्याची अटच नसते. या तत्त्वावर २००४ साली शहापुरात आमचं सांस्कृतिक आदानप्रदान मंडळ स्थापन झालं. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक कुंडलिकराव, सहचिटणीस मी. (चिटणीस कोणी नव्हता.) परदेशातल्या एका डोंगरी गावच्या महोत्सवाशी करार झाला. आम्ही त्यांना एक लघुपट द्यायचा, त्यांनी आम्हाला एक. लांबी कमी, आशय खोल.

कॅमेरा किन्हवलीच्या रत्नदीपकडे होता. तो लग्नाच्या कॅसेटी काढायचा. विषय अध्यक्षांनी दिला: पाणी. रत्नदीपची आत्या शालन वैशाखऱ्याजवळच्या एका वाडीत राहायची. तिथला नळ कोरडा होता, म्हणजे चित्रीकरणाला अत्यंत अनुकूल.

भर उन्हाळ्यात कॅमेऱ्यापुढं उभं राहायला शालनआत्याला वेळ नव्हता. रत्नदीपनं शब्द दिला की ही फिल्लम तालुक्याच्या साहेबांना दाखवतो. तेव्हा ती तयार झाली, आणि रिकामा हंडा घेऊन चालता चालता सबंध लघुपटभर बोलली.

“मोटर जळलीय, सायेब,” ती थेट कॅमेऱ्यात बघून म्हणाली. “दोन उन्हाळं झालं. तुमची मानसं येतात, बघतात, जातात. आमाला दुसरं कायी नको. मोटर तेवढी बसवा.”

पडद्याखालच्या इंग्रजी ओळी कुंडलिकरावांनी स्वतः लिहिल्या. तिकडे मोटर म्हणजे गाडी. बाई सरकारकडे गाडी मागते आहे असा समज झाला असता तर देशाची मान खाली गेली असती. म्हणून त्यांनी लिहिलं, ‘पाणी ही नदीनं जपलेली आठवण आहे.’ पुढे तिनं मोटरीचं नाव जितक्यांदा काढलं, तितक्यांदा आठवण आली. लघुपटाला नाव दिलं ‘हंड्याचं मौन’.

महोत्सवानं एकाच माणसाचं तिकीट पाठवलं. शालनआत्यानं जाणं शोभलं असतं, पण मग घरचं पाणी कोण भरणार, हा व्यावहारिक प्रश्न होता. अध्यक्ष गेले. लघुपट संपल्यावर प्रेक्षक उभे राहिले. परीक्षकांनी बाईच्या चेहऱ्यावरच्या शांततेचा खास उल्लेख केला. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं तेवढं विचारलं, की ती एवढी रागावलीय कशानं? अध्यक्षांनी सांगितलं की आमच्याकडे बायकांचा चेहराच तसा असतो. बक्षीस म्हणून काचेचा पक्षी मिळाला. तो मंडळाच्या कपाटात कुलपात आहे.

मग त्यांचा लघुपट आला. कलेला भाषा नसते, या भूमिकेतून त्यांनी खाली ओळीच दिल्या नव्हत्या. बर्फात एक म्हातारी पिशवी घेऊन खांबाशी उभी आहे. ती रस्त्याकडे बघते, खांबावरच्या पाटीवर काठी आपटते, काहीतरी बोलते आणि चालत घरी जाते. बस्स. शहापुरात आम्ही तो निमंत्रितांना दाखवला. सात जण बोलले. (त्यांतल्या चौघांनी आपण फार बोलणार नाही असं सुरुवातीलाच सांगितलं होतं.) म्हातारी मृत्यूची वाट पाहते आहे, यावर एकमत झालं.

करारात ग्रामीण प्रेक्षकांचीही अट होती, म्हणून दुसरा खेळ शालनआत्याच्या वाडीतल्या विहारात ठेवला. भिंतीवर चादर ताणली. खेळ संपल्यावर कुंडलिकराव उठून मृत्यूकडे वळणार, तोच पुढं बसलेली काशीआजी म्हणाली, “हिची येष्टी बंद केलीय.”

मागून दोघीतिघींनी होकार भरला. पाटीवरचा टाइम पुसलाय म्हणूनच ती काठी आपटते, असं शालनआत्याचं मत पडलं. अध्यक्षांनी प्रतीक, प्रतिमा, अस्तित्व हे शब्द वापरून पाहिले. बायांनी ते ऐकून घेतले आणि विचारलं की म्हातारीचं घर किती लांब आहे, घरात दुसरं कोणी आहे का.

अर्ज करण्याचा वाडीला दांडगा अनुभव होता. तिथल्या तिथं ठरलं. रत्नदीपनं मुरबाडच्या एका टायपिंगवाल्याकडून मजकूर इंग्रजीत करून घेतला. त्या गृहस्थाला अर्जापुरतंच इंग्रजी येत असल्यामुळे त्यात नदी, आठवण वगैरे काही घालता आलं नाही. महोदय, सदर म्हातारीची बस सुरू करावी, ही विनंती. खाली सह्या आणि अंगठे. अर्ज महोत्सवाच्या पत्त्यावर गेला.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडी कळलं की बस सुरू झाली. वाडीतल्या बायांचे अंगठे तिकडच्या पेपरात छापून आले आणि तिथल्या नगरपालिकेला लाज वाटली. (ही त्यांची संस्कृती आहे. आम्ही तिचा आदर करतो.)

वाडीत आनंद झाला. शालनआत्यानं मात्र रत्नदीपला विचारलं, “आपली फिल्लम सायबानं बघितली का रे?”

दुसऱ्या दिवशी रत्नदीपनं टीव्ही आणि प्लेयर जीपमध्ये टाकला, वाडीतल्या बायांना घेतलं आणि तालुक्याचं कार्यालय गाठलं. (कोणतं ते सांगत नाही. बऱ्याच कार्यालयांना ते आपलंच वाटेल.)

साहेब सज्जन होते. त्यांनी लघुपट पूर्ण पाहिला. ते याच भागातले, त्यामुळे शालनआत्याचा शब्द न् शब्द त्यांना कळत होता. संपल्यावर चष्मा पुसत ते म्हणाले, “सुंदर. काय लय आहे हो बोलण्याला.”

शालनआत्यानं सोबतची रिकामी कळशी खाली टेकवली. मग म्हणाली, “पानी मिळंल का?”

साहेबांनी कूलर दाखवला. ती प्यायली, काशीआजी प्यायली, मग सगळ्याजणी प्यायल्या. उरलेलं त्यांनी कळशीत भरून घेतलं आणि कूलरशेजारी फरशीवर बसल्या. शिपायानं कूलर भरला की त्या रिकामा करत. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही. दुसऱ्या दिवशीही त्या आल्या. तिसऱ्या दिवशी साहेबांनी घरून बाटली आणली. काशीआजीनं ती मागितली, आणि तहानलेल्या म्हातारीला नाही म्हणणं त्यांच्या तोंडून होईना.

त्याच आठवड्यात मोटर बसली. पहिला हंडा भरताना शालनआत्या रडली, असं रत्नदीप सांगतो. त्या दिवशी त्यानं कॅमेरा नेला नव्हता.

मंडळाला याचा फटका बसला. महोत्सवानं लघुपटाचा दुसरा भाग मागितला होता. कुंडलिकराव स्वतः वाडीवर गेले आणि चित्रीकरणापुरता नळ बंद ठेवावा, अशी विनंती केली. शालनआत्यानं त्यांना चहा दिला आणि नळ चालूच ठेवला. दुसरा भाग बारगळला. सुखान्तामुळे कलाकृतीची खोली कमी होते, असा खेदाचा ठराव मंडळानं मंजूर केला.

मोटर बसल्याचं वाचून आपलाही किंचित विरस झाला असेल. नळ कोरडा राहता तर गोष्ट जास्त दिवस मनात रेंगाळली असती, असं वाटून गेलं असेल. संकोच करू नये. मंडळाची सभासद नोंदणी चालू आहे.