गोफांवरचं वजन

“अर्ध्या तासात पाटासारखे सपाट करून दाखवते!” पद्मजाबाईंनी कमलम्माला छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि माघार घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

गोष्ट चार गोफांची. शेजारची कमलम्मा, मागावर विणणारी, पद्मजाबाईंची जिवाभावाची मैत्रीण, आज बिऱ्हाड घेऊन कायमची मंगळवेढ्याला निघाली होती. जाण्याआधी दोघींनी एकमेकींच्या मनगटांवर गोफ बांधायचे ठरवले होते. सूत कमलम्माचं, विणकाम पद्मजाबाईंचं. पण मेले गोफ हातातून सोडले की गुंडाळी करून बसायचे! शेवटी कमलम्मानेच उपाय सांगितला: सुताला लावतात ती खळ चोपडायची आणि ओले असतानाच वर जड काहीतरी ठेवायचं.

जड वस्तूची पद्मजाबाईंना वाण नव्हती. त्यांचे यजमान चिंतामणराव अडीच मण भरत!

चिंतामणराव जकात नाक्यावर कारकून होते. कडब्याखाली दडवलेलं तूप त्यांना दहा पावलांवरून कळायचं, आणि ही संशयी नजर ते घरीही तशीच घेऊन यायचे. आमटीत मीठ कमी पडलं तरी त्यांना त्यात कट दिसे. जेवून ते नाक्यावर परत निघाले, तोच बाईंनी त्यांना पडवीतल्या बाकाकडे वळवलं. बाकावर गोफ, गोफांवर पंचा.

“बसा की जरा. चहा टाकलाय.”

“या वेळेला? का?”

“आता बायकोनं चहा द्यायलाही कारण लागतं का?”

“तुला लागतं!” असं म्हणून ते बसले. चहाचा घोट घेतला. “साखर जास्त आहे.”

“तुम्हाला आवडते म्हणून.”

“कालपर्यंत नव्हती ती आवडत!”

इतक्यात कमलम्मा कुंपणावरून डोकावली. “बसले काय वो?” असं विचारून, हसून गेली. झालं! चिंतामणरावांच्या भुवया टोपीला टेकल्या.

“मी बसलो की नाही, याची चौकशी तिला कशाला? आणि हा पंचा कशाला घातलाय?” ते किंचित उठले, खाली न बघताच पंचा खस्सकन ओढला, उजेडात धरला, हुंगला, काही सापडलं नाही म्हणून फेकला आणि पुन्हा बसले. थेट गोफांवर!

“थंड लागतंय.”

“उन्हाळ्यात थंडच बरं,” म्हणत बाई शेवया आणायला आत पळाल्या.

तेवढ्यात कोंडीबाची बैलगाडी कमलम्माच्या ट्रंका घेऊन नाक्याकडे निघाली आणि चिंतामणरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मला इथं चहात बुडवायचं, आणि तिकडे माल पार! ते ताडकन उठून धावत सुटले.

बाई शेवया घेऊन आल्या, तर बाक रिकामा! नवरा नाही, गोफ नाहीत. “जप्त केले मेल्यानं!” त्यांना रडूच कोसळलं. शेवया तिथेच टाकून त्या नाक्याकडे पळाल्या.

नाक्यावर चिंतामणराव ट्रंकेत कमरेपर्यंत शिरले होते. पातेली, लुगडी, चाळण्या रस्त्यावर पडत होत्या.

“सायब,” कोंडीबा म्हणाला, “जकात आत येणाऱ्या मालाला असती. आमी तर भाईर चाललोय की!”

“बाहेर जाणारा माल कधीतरी आत आलाच असेल ना!”

गाडीमागून आलेली कमलम्मा लालबुंद झाली होती. “ताई, तुमीच सांगितलं ना ह्यांना झडती घ्यायला? दहा वर्षं मैत्रीण म्हणलं तुमाला!”

“नाही गं! शपथ!”

“मग गोफ कुटं हाय?”

पद्मजाबाईंचं दोन महिन्यांचं विणकाम गेलं होतंच, आता मैत्रीणही संशय घेऊन जाणार होती.

“सायब,” कोंडीबा पुन्हा म्हणाला, “माल गाडीत न्हाय. तुमच्या मागं हाय.”

चिंतामणराव गर्रकन वळले. मागे कोणीच नव्हतं. पुन्हा वळले. तरी कोणी नाही! शेवटी हात मागे गेला. धोतरावर चारही गोफ खळीनं घट्ट चिकटले होते, उन्हानं वाळून कडक, आणि खरोखर पाटासारखे सपाट!

कमलम्मा आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. दोघींनी भर रस्त्यात ते सोलून काढले आणि एकमेकींना बांधले.

“ह्या मालावर जकात किती वो?” कोंडीबानं विचारलं.

“जा!” चिंतामणराव म्हणाले.

गाडी गेली. त्यानंतर संध्याकाळपर्यंत ते नाक्याच्या भिंतीला पाठ लावून उभे होते, कारण गोफांचा रंग लागून हिरव्या-तांबड्या चार पट्ट्या धोतरावर उमटल्या होत्या. भिंत सोडायची सोय नव्हती. येईल त्या गाडीला ते लांबूनच “जाऊ द्या, जाऊ द्या!” म्हणत होते. त्या दिवशीइतका प्रेमळ कारकून आपण पाहिला नाही, असं गाडीवाले अजून सांगतात.