आधी हात दाखवा

कौसामावशींच्या दारात "या, बसा" ऐकायला मिळेल अशी आशा ठेवू नका. तिथे "हात दाखवा" म्हणतात. आमच्या गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या एका गृहस्थांनी मोठ्या भाविकपणे तळहात पुढे केला आणि बढतीचं विचारलं. मावशींनी हात उलटा केला, नखं पाहिली आणि साबण दिला. बढतीचं त्या काही बोलल्या नाहीत.

गोळीबार चौकामागची आमची गल्ली. पूर्वी इथे घरोघरी माग होते, आता मोबाइल दुरुस्ती आणि ब्यूटी पार्लर. मावशी मूळच्या उमरेडच्या विणकर घरातल्या. सत्तरी उलटली, शिक्षण चौथी, आणि जंतूंशी वैर असं की लोक भाऊबंदांशीही धरत नाहीत. त्यांच्या गॅसवर एक पातेलं कायम उकळत असतं आणि त्यात काय जाईल याचा नेम नाही. मी एकदा प्लास्टिकच्या डब्यात भरीत पाठवलं, तर डबा पापड होऊन परत आला. मी चिडले, तर मलाच म्हणाल्या, "जंतू मेला ना त्यातला?" अहो, डबाही मेला की!

गल्लीतल्या वंदनाच्या लग्नात तर मावशींनी कहरच केला. मे महिना, नागपूरचं ऊन, आणि आदल्या दिवसाची बासुंदी तशीच बाहेर राहिलेली. आचारी म्हणाला, एक कढ काढतो, काही होत नाही. मावशींनी पदर खोचला.

"जंतू मरन कढात. पन त्यानं आत सोडलेलं जहर कोण काढन, तू? ते उकळून नाही जात गा. जंतू मरते, जहर राहते."

आणि आचारी "हो, हो" करेपर्यंत बासुंदीचा अख्खा गंज नालीत उपडा. वधूपित्यानं डोकं धरलं. पंगतीत कुणालाच काही झालं नाही, म्हणून गल्लीनं एकमतानं ठरवलं की मावशी चुकल्या. आता खाल्ली असती तर काय झालं असतं हे दाखवायला बासुंदी शिल्लक हवी ना! लोक तोंडावर बोलले, पण मावशींना त्याचं सुतक नाही. "शिव्या देऊन राहिले ना? मंग जिते आहेत," म्हणाल्या.

धनुर्वातावर तर त्यांचा खास दात. कुणाला मातीत खरचटलं, खिळा रुतला, की मावशी त्याला ऑटोत घालून धंतोलीच्या दवाखान्यात नेणार. जखम धुऊन, सुई टोचूनच परत. लोक त्यांच्यापासून जखमा लपवतात. आमच्या ह्यांचा अंगठा विळीवर कापला, तेव्हा हे सत्यनारायणाला उजवा हात खिशात घालून बसले आणि तीर्थाला डावा पुढे केला. भटजी दचकले. मावशींनी मात्र बरोबर ओळखलं. प्रसाद आम्ही खाल्ला, हे धंतोलीत.

एकाच गोष्टीचं मला नवल वाटायचं. मावशी प्रत्येक बारशाला येतात, सगळ्यांचे हात तपासतात, पण बाळ कधी मांडीवर घेत नाहीत. हात मागे बांधून लांब उभ्या राहतात. आम्ही हसायचो, की मावशींना बाळसुद्धा जंतूच वाटतं.

यंदा माझी पल्लवी बाळंतपणाला आली. मुलगा झाला. दवाखान्यातून घरी आणताना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, नाळ कोरडी ठेवा, तिला काही लावू नका. दुसऱ्याच दिवशी विहीणबाई डबी घेऊन हजर. डबीत गोवरीची राख, तेलात कालवलेली. त्यांच्याकडे बाळाच्या बेंबीला हीच लावतात. पल्लवी हळूच नको म्हणाली, तर म्हणे, माह्या तिन्ही पोरांले लावली, काय झालं त्याईले? पल्लवीनं माझ्याकडे पाहिलं. आणि मी, एरवी भाजीवाल्याला सळो की पळो करणारी बाई, तोंडाला कुलूप लावून उभी. मुलीची सासू ना! मी दुखवायची आणि जन्मभर पोरीनं ऐकायचं.

तेवढ्यात मावशी उकळून वाळवलेली दुपटी घेऊन आल्या. डबी पाहिली आणि आमच्या विहीणबाईंना, ओळख ना पाळख, म्हणाल्या, "हात दाखवा." धरणीनं मला पोटात घ्यावं असं झालं. विहीणबाई कडाडल्या, की ही बाई कोण, नातू आमचा आहे. मावशी पाळण्याला पाठ लावून खाली बसल्या.

"मले बी होता एक," त्या म्हणाल्या. "पहिलाच. उमरेडले, घरीच झाला. सुईण म्हणे, नाळ बांधायले धागा द्या. बाजारचा काहून, म्हटलं, आपल्या मागावरचा घ्या. मागाखाली पाय सोडायच्या खड्ड्यात पडलेल्या धाग्यातून मीच निवडला, सगळ्यात बारीक. खड्ड्यातल्या मातीत काय राहते, मले का माहीत? आठवडा नाही झाला अन् त्यानं दूध सोडलं. जबडाच उघडे ना. हात लावला की कमानीवानी ताठ होये. डॉक्टर म्हणे, हात नका लावू, झटका येते. माय असून दुरून पाहत बसली वं मी. गेला, तवा मांडीवर घेतला."

मावशींच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, रागच होता.

"तुमचे तीन वाचले, चांगलं झालं. पन ही राख लावायची असन, तर आधी मले उचलून बाहेर टाका."

विहीणबाईंनी डबीचं झाकण लावलं आणि उठून मोरीवर गेल्या. साबण घासल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

पल्लवी पलंगावर उठून बसली. "मावशी, हात दाखवा," ती म्हणाली.

मावशींनी सवयीनं हात पुढे केले. पल्लवीनं ते उलटे करून नखं पाहिली आणि पाळण्यातलं बाळ उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. मावशीच ताठ झाल्या. श्वास धरून बसल्या. बाळानं जांभई दिली, पाय पोटाशी घेतले आणि त्यांच्या लुगड्यात तोंड खुपसलं. मावशींनी एका बोटानं त्याचा गुडघा सरळ केला, सोडला. तो पुन्हा दुमडला. पुन्हा सरळ केला, पुन्हा दुमडला.

विहीणबाई ओले हात घेऊन दारात उभ्या होत्या. मावशींनी त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं.

"नरम आहे वं," त्या म्हणाल्या. "हात लावला, तरी नरम आहे."